साहेबांची टेकडी

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला मी तोंडावर जावईबापू म्हणते आणि अहो-जाहो करते. पाठीमागे काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही. वयाने तो माझ्यापेक्षा लहान, पण जावई तो जावई. आमच्या घरात जावयाला अरे-तुरे करत नाहीत. आणि एखाद्याला त्याची जागा दाखवायला अहो-जाहोइतकं सोयीचं काही नाही, हे मला त्याच्यामुळेच कळलं.

तो हौशी सायकलपटू आहे. म्हणजे सायकल चालवण्याबद्दल त्याला कुणी पैसे देत नाही, कुणी हार घालत नाही, कुठल्या संघात घेत नाही; तरीही दर रविवारी अंगाला चिकटणारी चड्डी घालून तो बाहेर पडतो आणि दुपारी घामाने निथळत परत येतो. आल्याबरोबर पहिलं काम पाणी पिण्याचं नाही, मनगटावरच्या घड्याळातले आकडे फोनवर चढवण्याचं. कॉलेजात असताना एका शर्यतीत तो दुसरा आला होता. लग्न ठरायच्या वेळी हे त्याने आम्हाला स्वतःहून सांगितलं. "किती जण होते?" मी विचारलं. "चार," तो म्हणाला. त्यातल्या एकाची चेन तुटली होती आणि एक वाट चुकला होता, हे आम्हाला लग्नानंतर कळलं.

परदेशात मी आधी आले. दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसते, फोन घेते, वेळा देते, आणि तोंड सुन्न झालेली माणसं काय बोलतात ते अंदाजाने समजून घेते. ही मंडळी माझ्या मागून आली. त्याला एका लिफ्टच्या कंपनीत नोकरी लागली. कुठल्या इमारतीतली लिफ्ट कधी तपासायची, कुठला मेकॅनिक कुठे पाठवायचा, मध्येच लिफ्ट अडकली तर जवळ कोण आहे, हे तो दिवसभर स्क्रीनसमोर बसून ठरवतो. काम बरं करतो म्हणे. लोकांना दोन जिने चढावे लागू नयेत म्हणून पगार घ्यायचा आणि तो पगार स्वतः डोंगर चढण्यात घालवायचा, असा हा शहाणा. राहतो मात्र तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत.

पहिल्या पगारात पलंग यायचा होता, सायकल आली. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, असं आपण म्हणतो. इथे घोडं घरधन्यानेच आणलं आणि नवरा-बायको महिनाभर जमिनीवर गादी टाकून झोपले. ते घोडं आता बाहेरच्या खोलीत भिंतीला आकड्यावर टांगलेलं असतं, बरोबर सोफ्याच्या वर. पाहुणा बसला की पुढचं चाक त्याच्या टाळूवर येतं. उशीवर तेलाचा डाग आहे, तो लपवायला उशी उलटी ठेवतात, उलट्या बाजूलाही डाग आहे. माझ्या बहिणीचे स्नायूंचे तक्ते त्या भिंतीवर लागायचे होते. ते आता स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवलेत, म्हणजे दार लावून भाजी परतायला उभं राहिलं की समोर सोललेला माणूस.

न्हाणीघरात तो चेन धुतो. टबाला काळी कड बसली आहे, ती धाकटी दर शनिवारी घासते आणि रविवारी तो पुन्हा आणतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो नटबोल्ट तोलतो. वजनाला हलके असे कुठून कुठून मागवतो. स्वतःच्या पोटाचा घेर मात्र त्याने कधी काट्यावर ठेवलेला मी पाहिला नाही. पायांवरचे केस काढतो, त्याने वारा कमी अडतो म्हणे. मी म्हटलं, "जावईबापू, डोक्यावरचे आपणहून चाललेत, तेवढीच मदत." तो हसला. त्याला काही बोललं तर तो हसतो, हे तर मला मुळीच सहन होत नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

आता धाकटीचं सांगते, कारण या गोष्टीत गमावण्यासारखं जे होतं ते तिचं होतं. ती फिजिओथेरपिस्ट. तिकडे तिचा स्वतःचा दवाखाना होता, बाहेर बाकावर माणसं वाट बघत बसायची. इथे आल्यावर तिच्या पदवीला कुणी विचारेना. इथल्या इस्पितळात ठरावीक काळ दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करायचं, मग नोंदणी होणार, मग हाताला स्वतःचं काम. तोवर सकाळी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उठवायचं, बसवायचं, अंघोळ घालायची, आणि दुपारी इस्पितळात वयाने लहान असलेल्या पोरींकडून चुका काढून घ्यायच्या. तिने कधी तक्रार केली नाही. आणि हे सगळं टिकून होतं त्याच्या नोकरीवर. इथे राहायचा परवाना त्याच्या नोकरीला बांधलेला, बायको आणि मुलगी त्याच्या परवान्याला बांधलेल्या. कायमचं राहण्यासाठी अर्ज गेलेला होता. तो मंजूर होईपर्यंत त्याने एकच करायचं होतं, खुर्चीत बसून राहायचं. नोकरी गेली असती तर तिघांनाही परत जावं लागलं असतं, आणि तिचं अर्धवट राहिलेलं काम इथेही उपयोगाचं नव्हतं अन् तिकडेही.

खुर्चीत बसून राहणं त्याला जमलं असतं, पण त्याच्या साहेबांनाही सायकलचं वेड. उंच, सडपातळ, पन्नाशीचा माणूस. बोलणं गोड आणि नजर कायम दुसऱ्याच्या सायकलवर. त्यांनीच याला त्यांच्या क्लबात नेलं. आमच्या माणसाला केवढा आनंद झाला. साहेबांशी ओळख वाढेल, असं तो धाकटीला म्हणाला. ओळख अशी वाढली, की रविवारी सगळे मिळून गावाबाहेरच्या टेकडीवर जायचे. पाण्याच्या टाकीपासून रस्ता सुरू होतो आणि वळणं घेत वरच्या टॉवरपाशी संपतो. अर्ध्या वाटेत हा धापा टाकत असायचा आणि साहेब मागून येऊन शेजारी सायकल लावायचे. आणि गप्पा मारायचे. अमक्या इमारतीच्या लिफ्टच्या दाराचं काय झालं, नवा मेकॅनिक कसा आहे. याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. मग ते "बरं, वर भेटू" म्हणून निघून जायचे. सोमवारी ऑफिसात कॉफीच्या यंत्रापाशी चारचौघांत विचारायचे, "काल कुठे राहिलास रे?"

हे तो आम्हाला जेवताना सांगायचा, गंमत म्हणून. पण बोलताना त्याचा चेहरा बघितला की कळायचं, साहेबांना तो पाण्यात पाहतो.

या लोकांचं एक ॲप असतं. घड्याळ तुमची वाट मोजतं, ॲपमध्ये प्रत्येक चढाची यादी असते, कोण किती वेळात चढलं. जो सगळ्यात कमी वेळात चढला त्याच्या नावापुढे एक मुकुट. नखाएवढं चित्र. त्या टेकडीचा मुकुट साहेबांचा होता आणि चार-पाच वर्षं तो कुणी काढून घेतला नव्हता. त्यासाठी वाऱ्याने मदत करायला हवी. त्या रस्त्यावर वारा नेहमी समोरून येतो. वर्षातून एखाद्या वेळी वादळ लांबून जातं तेव्हा तो उलटा फिरतो आणि पाठीला हात लावून माणसाला वर ढकलतो. हे सगळं मला जावईबापूंनीच समजावून सांगितलं होतं, मी विचारलेलं नसताना. फोनवर वाऱ्याचा नकाशा उघडून तो जेवायच्या टेबलावर बसायचा. पोरीची शाळेची सहल कधी आहे ते त्याला माहीत नसायचं, पण शुक्रवारी वारा कुठून वाहणार ते माहीत असायचं.

आणि एका बुधवारी तो वारा आला.

बुधवार, म्हणजे कामाचा दिवस. त्यातून त्या दिवशी ऑफिसात एका मोठ्या वसाहतीचे मालक येणार होते, पुष्कळ इमारती, पुष्कळ लिफ्ट, सगळं काम मिळायची शक्यता. मेकॅनिकांच्या फेऱ्यांचा तक्ता यानेच केलेला, तो समजावून सांगायलाही हाच हवा. हा रोजच्यासारखा सायकल घेऊन घरातून निघाला, कोपऱ्यावर थांबला, ऑफिसला फोन केला आणि पाठ धरल्याचं सांगितलं. हलता येत नाही म्हणाला. फिजिओथेरपिस्टच्या नवऱ्याला दुखणंही उसनं घ्यायचं तर घरातलंच सापडलं. मग तो टेकडीकडे गेला.

तो चढला, हे खरं. साहेबांपेक्षा बऱ्याच सेकंदांनी लवकर चढला. वर टॉवरपाशी पोचल्यावर उलटी झाली आणि गवतात पडून राहिला, असं तो सांगतो. उलटी झाली हे तो अभिमानाने सांगतो. इथवर कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. उठून, तोंड पुसून, घरी येऊन झोपला असता तर ताकास तूर लागली नसती. पण ॲपवर चढवलं नाही तर या लोकांच्या हिशेबी चढ चढलेलाच नसतो. आकडे लपवून ठेवायचीही सोय आहे म्हणे, पण लपवले की मुकुट मिळत नाही. याने तिथेच गवतात बसून आकडे चढवले. आणि मुकुट एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर गेला की ज्याचा गेला त्याला ॲप आपणहून कळवतं. साहेब त्या वेळी वसाहतीच्या मालकांसमोर उभे राहून याचा तक्ता समजावून सांगत होते. टेबलावर त्यांचा फोन थरथरला. जगात एकाच माणसाला ही बातमी कळायला नको होती, तर त्याच माणसाला ती याने घरपोच केली.

अशी चूक चोर करणार नाही, दारुडा करणार नाही. सायकलवाल्यालाच जमते ती.

संध्याकाळी धाकटी इस्पितळातून आली तर हा सोफ्यावर आडवा. पोटऱ्यांना गोळे आलेले. तिने हात लावला आणि तिला कळलं, हे पाय ऑफिसात जाऊन आलेले नाहीत. विचारलं तर हसायला लागला. सगळं सांगितलं, अगदी रंगवून. मुलीला म्हणजे आमच्या चिऊला तर त्याने आधीच सांगून टाकलं होतं, की बाबा टेकडीवर सगळ्यांच्या पुढे पहिला आला. आठ वर्षांची पोर, सोफ्याभोवती उड्या मारत होती. एवढ्यात साहेबांचा निरोप आला. फोनवर एकच ओळ होती: "पाठ कशी आहे?"

धाकटीने मला फोन केला. "ताई, येतेस का?" एवढंच म्हणाली. तिच्या आवाजावरून मी चपला घातल्या.

मी पोचले तेव्हा चिऊ आतल्या खोलीत होती आणि हा सायकलखाली बसला होता, चेहरा पांढरा फटक. मी बसले नाही.

"जावईबापू, तो चढ साहेबांच्या नावावर आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"नाव गेलं की माणसाला फोनवर कळतं, हेही माहीत होतं?"

"हो, ताई."

"मग?"

"त्या वेळी सुचलं नाही."

"आकडे चढवले नसते तर काय आकाश कोसळणार होतं?"

"मग तो चढ धरत नाहीत," तो म्हणाला.

"कोण धरत नाहीत?"

धाकटी टॉवेलची घडी घालत होती. एकच टॉवेल ती घालायची, उलगडायची, परत घालायची. "माझे थोडेच महिने राहिलेत," ती म्हणाली, "उन्हाळ्यापर्यंत." त्याच्याकडे बघून नाही, टॉवेलकडे बघून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आठ वर्षं दवाखाना चालवलेली बाई, परक्यांची आजारी माणसं उचलून उचलून हिचे खांदे गेले, आणि त्या सगळ्याचा निकाल आता एका नखाएवढ्या मुकुटावर लागणार होता. मला त्याच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. जावयाला मारायची पद्धत नाही म्हणून राहिलं.

मग मी डोकं चालवलं. दातांच्या दवाखान्यात बसून एक गोष्ट मी शिकले आहे: माणूस ओरडत येतो तेव्हा त्याला नेमकं काय परत हवं आहे ते बघायचं. साहेबांना शिस्त परत हवी नव्हती. वसाहतीचं काम तर मिळाल्याचं ऑफिसातून कळलंही होतं.

"असं सांगा," मी म्हटलं, "की पाठ खरंच दुखत होती आणि तुम्ही घरी पडून होतात. तुमचा एक मित्र आला होता बाहेरगावचा, शर्यतीतला. त्याला ती टेकडी चढून बघायची होती, त्याने तुमचं घड्याळ मागितलं, तुम्ही दिलं. तुमच्या नावावर चुकून चढलं. मित्र परत गेला. विषय संपला."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी एखादं भलतंच काही मागितल्यासारखा.

"पण मी चढलोय, ताई."

"चढलात. कुणी नाही म्हटलं नाही. आता उतरा."

"ते विश्वास ठेवणार नाहीत."

"ठेवतील. त्यांची टेकडी त्यांना परत द्या, मग बघा कसा विश्वास ठेवतात."

त्याने धाकटीकडे बघितलं. "तू काय म्हणतेस?"

"मी काही म्हणणार नाही," ती म्हणाली. "म्हटलं तर आयुष्यभर तू मला ऐकवशील. तुझं तू ठरव."

मला वाटलं होतं तो लगेच हो म्हणेल. सकाळीच पाठ धरल्याचं खोटं बोललेला माणूस, त्याला आणखी एक खोटं जड का जावं? पण त्या रात्री त्याने हो म्हटलं नाही. दिवसभर ऑफिसला फसवताना याला याचं मन खात नव्हतं, आणि आता सत्यवादी व्हायला निघाला. मी तसं बोलूनही दाखवलं. तो यावेळी हसला नाही.

दुसऱ्या दिवशी तो गेला आणि मी सांगितलं तसं सांगून आला. साहेबांनी खुर्ची मागे सरकवली, मोठा श्वास सोडला आणि चक्क हसले. "मला वाटलंच," ते म्हणाले. "तो चढ म्हणजे तुझं काम नव्हे. मी रात्रभर विचार करत होतो, हा माणूस एवढा कधी तयार झाला." मग म्हणाले, ते आकडे तेवढे काढून टाक, इतरांचा गैरसमज नको. याने त्यांच्यासमोर फोन काढला आणि पुसून टाकले. एकदा पुसले की परत येत नाहीत. साहेब उठले आणि त्यांनी त्याची पाठ थोपटली, दुखरी पाठ म्हणून जरा जपून.

नोकरी राहिली. धाकटीने फोनवर मला सांगितलं तेव्हा दवाखान्यात एक माणूस गाल धरून माझ्यासमोर उभा होता. त्याला वाटलं मी त्याला हसते आहे.

माझ्या हिशेबी प्रकरण तिथे संपायला हवं होतं. पण रविवारी साहेबांनी क्लबात सगळ्यांना ही गोष्ट रंगवून सांगितली. त्यात त्यांचा वाईट हेतू नसेलही. आपली टेकडी परत मिळालेल्या माणसाला गोष्ट सांगायचा मोह होतोच. पण त्या लोकांचा एक विचित्र कायदा आहे. बायकोशी खोटं बोललेलं चालतं, कामावर दांडी मारलेली चालते, किंबहुना ती कौतुकाने सांगतात. पण स्वतःच्या नावावर दुसऱ्याला चढवणं, हे म्हणजे देवळातली घंटा चोरणं. कुणी त्याला काढून टाकलं नाही. नुसतं विचारायचे, "आज घड्याळ कुणाच्या हातात आहे?" ओळीने सायकली चालवताना त्याच्या मागे-पुढे जागा सुटायला लागली. थांबले की त्याच्याशी हवापाण्याचं बोलायचे. ऑफिसात तो लबाड होता तिथे प्रामाणिक ठरला, आणि जिथे जन्मात पहिल्यांदा काहीतरी खरं केलं तिथे लबाड ठरला. दोन-चार रविवार गेला, मग एकटाच जायला लागला, मग कधी कधी जाईना.

घरात त्याचा चेहरा सुतकी. मी धाकटीला म्हटलं, "कोण गेलं आहे याचं? एक मुकुट गेला नखाएवढा. तुझं काम वाचलं त्याचा याला आनंद नाही होय?" ती म्हणाली, "आहे गं. तोही आहे." तिचं हे असंच. नवऱ्याची बाजू घ्यायची नाही आणि सोडायचीही नाही.

चिऊच्या शाळेत साहेबांचा मुलगा होता, तिच्यापेक्षा एक वर्ग पुढे, हे आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. चिऊने वर्गात सांगितलं होतं की माझे बाबा टेकडीवर पहिले आले. एका संध्याकाळी आम्ही चौघं जेवत होतो. मी पोळीला तूप लावत होते. चिऊने ताटातून मान वर न करता विचारलं, "बाबा, तू दुसऱ्याला घड्याळ दिलं होतंस?"

धाकटीचा घास हातातच राहिला.

"तो मुलगा म्हणाला. सगळ्यांसमोर म्हणाला. तू त्याच्या बाबांचा नंबर चोरणार होतास."

धाकटीने तोंड उघडलं, आणि त्याने टेबलावर तिच्या हातावर हात ठेवला. पोरीला खरं सांगायचं म्हणजे ते उद्या वर्गात, परवा साहेबांच्या घरी. अर्ज अजून लटकलेला. एवढा हिशेब त्याला त्या क्षणी करता आला, जो टेकडीवर गवतात बसून करता आला नव्हता.

"हो," तो म्हणाला. "दिलं होतं."

"मग तू पहिला नाही आलास?"

"नाही."

"मग मला आलो म्हणून का सांगितलंस?"

"चुकलं माझं."

तिने आणखी काही विचारलं नाही. ताटातलं संपवलं, उठून ताट बेसिनमध्ये ठेवलं आणि आत गेली. मूल रुसलं तर समजूत घालता येते. ही रुसलेली नव्हती. मी पोळी तशीच ठेवली. माझ्याकडे बघायचा त्याला पुरेपूर हक्क होता, घड्याळाची युक्ती माझी होती. पण त्याने बघितलं नाही, उठून भांडी घासायला लागला.

उन्हाळ्यात दोन्ही कामं झाली. कायमचा परवाना आला आणि धाकटीची नोंदणी झाली. तिला त्याच इस्पितळात जागा मिळाली, आता तिच्या हाताखाली पोरी शिकतात आणि चुका ती काढते. बाहेरच्या खोलीची भिंतही तिला मिळाली. सायकल खाली तळघरात गेली. तिने सांगितलं नव्हतं, त्याने आपणहून नेली. वर आता तक्ते आहेत, पाहुण्यांच्या टाळूवर मणके. मध्ये एकदा तसाच उलटा वारा आला होता म्हणे, कामाच्या दिवशी. तो ऑफिसला गेला.

मी एकदा त्याला म्हटलं, "जावईबापू, आता कसली भीती? पोरीला काय ते खरं सांगून टाका."

"सांगितलं, ताई."

"मग?"

"ऐकून घेतलं तिने."

"आणि?"

"बरं, म्हणाली."

आठ वर्षांच्या पोरीने "बरं" म्हणणं म्हणजे काय, ते मला समजलं. दवाखान्यात मी ते रोज म्हणते, उशीर का झाला याचं कारण सांगणाऱ्या प्रत्येकाला.

मागच्या महिन्यात मी त्याच्याबरोबर तिला शाळेतून आणायला गेले होते. तो ऑफिसातून परस्पर आलेला, बगलेत हेल्मेट, हातात सायकल. फाटकापाशी पालकांची गर्दी होती. वर्गातल्या एका मुलीची आई, नवीनच आलेली, चिऊला म्हणाली, "तुझे बाबा शर्यतीत असतात वाटतं? सायकल किती छान आहे." बाई साधी होती, बोलायचं म्हणून बोलली. चिऊने तिच्याकडे बघून शांतपणे सांगितलं, "नाही. माझे बाबा लिफ्टच्या ऑफिसात असतात. सायकल नुसती येण्याजाण्यासाठी आहे."

तो दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याला ऐकू गेलं. त्या बाईकडे बघून तो हसला, त्याचं ते नेहमीचं हसू, आणि म्हणाला, "हो, नुसती येण्याजाण्यासाठी."

मला त्याची दया आली असं कुणी समजू नये. माझं मत आहे तेच आहे: अक्कल गहाण टाकून माणसाने हौस करू नये. पण तिथे उभं राहून मला त्या बाईचा, त्या साहेबांचा, त्या नखाएवढ्या मुकुटाचा आणि त्याच्या त्या हसण्याचा इतका संताप आला की रस्ताभर मी कुणाशी बोलले नाही. चिऊ माझं बोट धरून चालत होती, तो मागून सायकल ढकलत येत होता.

दुसऱ्या दिवसापासून तो तिला आणायला चालत जातो.